परत आलेला नारळ

"बाबा, वाडीत वाढलेल्या माणसाचा हात माड मारायला धजतो कसा?"

प्रश्न माझा नव्हे. रेवदंड्याहून निघताना सानिका आणि तन्वी या माझ्या मैत्रिणींनी पैज लावून तो माझ्या गळ्यात बांधला होता. "विचारल्याशिवाय सुट्टीवरून परत येऊ नकोस." विचारला. मी काय घाबरते होय?

ताम्रवर्णी, तप्त, तटस्थ सांज. प्रशांत महासागराच्या अथांग निळाईत हे पोवळ्यांचं कंकणाकृती बेट. कंकणाच्या पोटात पाचूसारखं निश्चल खारं तळं. आणि काठाने मेलेले माड, शिरविहीन, शब्दविहीन, ओळीने उभे.

"धजत नाही गं," बाबा म्हणाले. "प्रत्येकाच्या पाया पडतो. मग विष टोचतो."

शंभर वर्षांपूर्वी खोबऱ्याच्या हव्यासाने कुण्या कंपनीने इथलं रुंदपर्णी रान तोडलं, माड लावले आणि ती निघून गेली. माड मात्र पसरायचे थांबले नाहीत. माडांच्या सावलीत रान रुजेना. रान नाही, म्हणून घरटी नाहीत. घरटी नाहीत, म्हणून पाखरं नाहीत. आणि पाखरांची विष्ठा पाण्यात उतरेना, तशी पाण्याखालची पोवळी उपाशी, उदास, पांढरीफटक होत गेली. कल्पवृक्षाखाली एक अख्खं बेट मुकं झालं.

तीन वर्षं आई-बाबा इथे राहून ते मुकेपण उपसताहेत. यंदा, बरं का, शुभ्रपंखी पाखरांची सात जोडपी परतली. सातच.

"म्हणजे आता एकही माड जिवंत नाही ना?" मी उत्साहाने विचारलं.

चुलीवरचा भात ढवळणाऱ्या आईच्या हातातला डाव थबकला.

ती मला झोपडीमागे घेऊन गेली. तिथे शिंपल्यांच्या रिंगणात, ओल्या वाळूत, एक नारळ अर्धा रुतला होता. त्याच्या पाठीवर सोनेरी कागदाची चिंधी, आणि माथ्यावर कोंब: हिरवा, हसरा, हिंस्र.

"इथल्या शेवटच्या माडाचा शेवटचा नारळ," आई हळू म्हणाली. "नारळी पौर्णिमेला मीच सोडला. पण हे तळं पडलं चहूबाजूंनी बंद. आठव्या दिवशी आला की परत. दर्याने परत दिलेलं कसं टाकू?"

"मला ठाऊक होतं," मागून बाबा म्हणाले. "हजारो मारले. हा एक मारवेना."

वर एक शुभ्र पाखरू घिरट्या घालत होतं, उतरत नव्हतं.

दोन पानांचा तो इवला कोंब, आणि मावळतीच्या उजेडात त्याची सावली केवढी. काळी, कृश, करवती. वाळूवरून सरकत ती आईच्या पावलांवर चढली, बाबांच्या पावलांवर चढली.

"आई, बाबा, उद्या उजाडताच हा मी उपटणार," मी म्हटलं. "तुम्ही बघू नका. आणि सानिका-तन्वीला सांगेन, हात धजत नाही. तरी उचलावा लागतो."

सावली माझ्या पावलांशी आली, क्षणभर थांबली, आणि मग चढली.