पुसलेला फळा

डेट्रॉइटच्या आमच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे एक मंडळ आहे. दर गुरुवारी दुपारी तळघरातील चौदा क्रमांकाच्या खोलीत ते भरते. त्याचा नियम एकच: जे समजले ते फळ्यापाशी उभे राहून इतरांस शिकवावे, आणि शेवटच्याला शिकवता येईपर्यंत कोणी जेवू नये. पन्नास वर्षांपूर्वी हा नियम घालणाऱ्यांत मीही होतो, आणि अजूनही गुरुवारी मी मागच्या बाकावर येऊन बसतो. विद्या दिल्याने वाढते, ही माझी श्रद्धा त्याच खोलीत दृढ झाली.

त्या गुरुवारी टेरेल शेवटचा उरला होता. स्थितिशास्त्रात तो एकदा अनुत्तीर्ण झालेला. शुक्रवारी दुसरी आणि अखेरची परीक्षा. ती गेली की अभियांत्रिकीही गेली. मंडळाची अध्यक्ष ओडेसा हिने दोन तास खपून दोन टेकूंवरील तुळईचे गणित फळाभर मांडले होते. टेरेल मात्र खडूला हात लावीना.

"ऊठ भावा, कोंबडी गार झाली," ओडेसा म्हणाली. "भूक लागली की मी फार वाईट वागते."

"पोट भरल्यावर तरी कुठे बरी वागतेस, ताई?"

इतक्यात दार उघडले. विद्यापीठाच्या माहितीपत्रकाच्या कार्यालयातील विनफिल्डबाई छायाचित्रकाराला घेऊन आत आल्या. त्या वर्षातील ही चौथी खेप. छतातून जाणारा नळ गळतो म्हणून मंडळाने तीन अर्ज केले, त्यांपैकी एकाचेही उत्तर आले नव्हते. छायाचित्रासाठी मात्र ही मंडळी न बोलावता येत.

"पाचच मिनिटं, बाळांनो. जरा हसा."

"बाई, उद्या परीक्षा आहे याची. आणि तो नळ..." ओडेसा म्हणाली.

"नळाचा विभाग वेगळा, गं. अगबाई, काय हा गिचमिड फळा!"

असे म्हणत त्यांनी फळा स्वच्छ पुसला आणि रंगीत खडूने एक सुबक तुळई काढून तिला जोर दाखवणारे बाणही जोडले. ओडेसाने डोळे मिटून अंक मोजावयास आरंभ केला. सातापर्यंतचे मला ऐकू आले.

"टेकूंचे बाण उलटे आहेत," टेरेल म्हणाला.

"फोटोत कोणाला कळणार आहे, राजा?"

"मला कळतंय. टेकू वर ढकलतो, बाई. तुम्ही त्याला खाली ओढायला लावलंय. तुळई कोसळेल ना."

तो उठला, बाण पुसले आणि खडू घेतला. भार कोठे, तो कोणत्या टेकूवर किती, तुळई कोठे अधिक वाकेल, हे सारे त्याने पायरीपायरीने उलगडले. आणि सर्वांत जवळ विनफिल्डबाई उभ्या असल्याने त्यांनाच समजावले. हातात डस्टर धरून त्या वीस मिनिटे खिळून राहिल्या. मध्येच छायाचित्रकाराने कोंबडीचा एक तुकडा उचलला. ओडेसाने त्याच्या हातावर चापट मारली.

"त्याचं संपू दे आधी."

टेरेल उत्तीर्ण झाला. पंधरवड्याने विनफिल्डबाईंचा दूरध्वनी आला: छायाचित्र वाया गेले, मुलाची नुसती पाठच दिसते, गुरुवारी दोन वाजता पुन्हा येऊ.

"दोनला टेरेल नव्या मुलांना तुळई शिकवणार आहे," ओडेसा शांतपणे म्हणाली. "मागे बसून ऐकायचं असेल तर या. डस्टरला हात लावायचा नाही. आणि येताना नळवाल्याला घेऊन या."