हाताला कळणारी गाडी

श्रीधर मेहेंदळेच्या हातांवर त्सुकुबातल्या त्या कंपनीने चौदा वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला होता. तसा तो पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. जपानला शिकायला म्हणून आला आणि इथलाच होऊन गेला. पण कंपनीने त्याला ठेवून घेतलं ते डिग्री बघून नव्हे. नवी गाडी बाजारात जायच्या आधी ती चाचणीच्या ट्रॅकवर चालवायची, स्टीअरिंग हाताला काय सांगतं ते समजून घ्यायचं आणि कागदावर दहापैकी गुण द्यायचे, हे त्याचं काम होतं. एकदा त्याने नुसतं स्टीअरिंग धरून पुढच्या डाव्या चाकाचा बोल्ट सैल आहे असं सांगितलं होतं, आणि मोजमापवाल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. ही गोष्ट तो प्रत्येक नव्या माणसाला सांगे. दोनदा ऐकलेल्यांनाही सांगे.

आणि हे हात घडवले कुणी, तर त्याच्या लाल होंडा एस-आठशेने, असं त्याचं ठाम मत होतं. गाडी सदुसष्ट सालची, दोन माणसांची, एवढीशी. चौऱ्याऐंशी साली त्याने ती एका निवृत्त दंतवैद्याकडून घेतली तेव्हा वृंदा, त्याची बायको, म्हणाली होती, "अरे, यात भाजीची पिशवी ठेवायची की मी बसायचं, ते आधी ठरव." पण श्रीधर त्या गाडीपुढे अक्षरशः विरघळला होता. थंडीत चोक ओढून मनधरणी केल्याशिवाय ती सुरू होत नसे. एअर कंडिशनर नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, उन्हाळ्यात पाय भाजत. पण एकदा रस्त्याला लागली की त्या सडपातळ स्टीअरिंगमधून सगळी बातमी तळहातात येई. इथे खडी आहे, इथे ओल आहे, आता मागचं चाक सुटायच्या बेतात आहे, सांभाळ. नव्या गाड्या दुप्पट वेगाने जातात, चुकलं तर सावरूनही घेतात, हे तो मान्य करी. "पण त्या आपल्याला विचारत नाहीत रे," असं म्हणून तो जो सुरू होई तो थांबत नसे. इचिकावा गावी गणपतीसाठी चार मराठी घरं जमली की आरतीनंतर लोक प्रसादाचं ताट घेऊन त्याच्यापासून जरा लांबच बसत.

शहाण्णवच्या मे महिन्यात एस-आठशेचा गिअरबॉक्स गेला. त्सुचिउराचे होशिनो-सान म्हणजे जुन्या गाड्यांचे सत्तरीचे मेकॅनिक. ते म्हणाले की पार्ट मिळवायला सहा महिने लागतील. मग गाडी त्यांच्या शेडमध्ये जाऊन पडली, आणि नेमकी त्याच उन्हाळ्यात कंपनीची नवी स्पोर्ट्स कार ट्रॅकवर आली.

नव्या गाडीच्या स्टीअरिंगला विजेची मोटर होती. एका बोटाने फिरवा. सगळ्या टीमने सात, साडेसात, आठ असे गुण दिले. श्रीधरने दिले चार, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: बधिर. पुढच्या महिन्यात सेटिंग बदलून गाडी परत आली. बाकीचे आठवर गेले, श्रीधर साडेतीनवर आला. सप्टेंबरात तीन. दर खेपेला त्याला वाटे, हे लोक गाडीचा आत्मा काढून घेताहेत आणि इतरांना त्याचं काहीच नाही. तो चिडे, जेवताना बोले, झोपताना बोले. त्याची चौदा वर्षांची मुलगी सारा जेवता जेवता जपानीतून म्हणे, "बाबा, परत गाडी?" आणि भात संपवून उठून जाई.

ऑक्टोबरात त्याने साहेबांना सविस्तर रिपोर्ट लिहायचं ठरवलं आणि आपले आधीचे कागद काढायला ऑफिसातल्या कपाटाशी गेला. जूनपासूनच्या त्याच्या प्रत्येक कागदावर कोपऱ्यात लाल शिक्का होता: "संदर्भासाठी". जपानी ऑफिसात तुमचं चुकतंय असं कुणी तोंडावर म्हणत नाही. त्यासाठी हा शिक्का असतो. याचा अर्थ, वाचलं, आभारी आहोत, सरासरीत धरलेलं नाही. पाच महिने तो जीव तोडून गुण देत होता आणि पाच महिने ते कुणी मोजलेच नव्हते.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तो तसाच कागद घेऊन कुराता-सानकडे गेला. कुराता-सान चाचणी विभागाचे प्रमुख. त्यांनीच चौदा वर्षांपूर्वी त्याला ट्रॅकवर आणलं होतं.

"कुराता-सान, हे काय आहे?"

कुरातांनी कागदाकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "श्रीधर-सान, तुमचे आकडे बाकीच्यांशी जुळत नाहीत."

"बाकीच्यांचे हात नव्या गाड्यांनी बिघडवलेत."

"सगळ्यांना असं वाटतं, की तुम्ही तुमच्या जुन्या गाडीच्या प्रेमात आहात." हे सांगताना त्यांची मान खाली गेली होती.

"मग ती जुनी गाडी चालवून तरी बघा! सगळ्यांनी. नोव्हेंबरात ती दुरुस्त होतेय. त्यानंतरही मीच चूक निघालो, तर हा शिक्का माझ्या कपाळावर मारा."

कुराता-साननी डायरी उघडून तारीख लिहिली.

आता सगळं त्या एका सकाळवर येऊन ठेपलं. श्रीधरला रात्री झोप लागेना. त्या दिवशी त्याची गाडी बोलली नाही, तर त्याचे हात या कंपनीत कवडीमोलाचे होणार होते, आणि हातांखेरीज आपल्याकडे फारसं काही नाही हे त्याला मनातून पक्कं ठाऊक होतं. बाकी इंजिनिअर काय, पायलीचे पन्नास.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आला तेव्हा सारा त्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "बाबा, सुरिप्पा!" त्याच्या एकाच पायात सपात होती. दुसरी मागे पॅसेजमध्ये पडली होती. तो हसला, परत जाऊन ती घालून आला आणि कुकर उतरवायला वृंदाच्या मदतीला गेला. मिनिटभराने वृंदा ओरडली.

"अरे, हात काढ! भाजलंय तुला. बघ, फोड आलाय!"

"हो की. लक्षच नव्हतं."

"लक्ष नव्हतं? श्रीधर, फोड आलाय. कालही तुझी सपात अशीच गळून पडली होती, मी काही बोलले नाही. बारा वर्षं साखर आहे तुला, डॉक्टरची अपॉइंटमेंट तू तीनदा कॅन्सल केलीस. ते म्हणाले होते ना, नसांवर जातं म्हणून? आधी पाय, मग हात."

"माझे हात ठणठणीत आहेत. हात गेले असते तर ती गाडी एवढी बधिर आहे हे मला कळलं असतं का?"

वृंदाने त्याचा हात नळाखाली धरून ठेवला. "हे ट्रॅकचं झालं की शनिवारी जायचं."

"जाऊ."

"गेल्या शनिवारीही शनिवारच होता," वृंदा म्हणाली आणि मलम आणायला गेली.

तो दिवस उजाडला. ट्रॅकच्या कडेच्या गवतावर दहिवर होतं आणि लांब त्सुकुबाचा डोंगर स्वच्छ दिसत होता. सहा महिन्यांत गाडीची सरकारी तपासणीची मुदत संपून गेली होती, त्यामुळे ती रस्त्यावरून चालवत आणायची सोय नव्हती. होशिनो-सानांनी ती ट्रकवर चढवून आणली. फळीवरून ती लाल गाडी हळूहळू खाली उतरली तशी पाचसहा इंजिनिअर मंडळी खिशात हात घालून भोवती उभी राहिली. बाजूलाच नवी गाडी चकाकत उभी होती.

मालक म्हणून पहिला मान श्रीधरचा. तो आत बसला. पेट्रोलचा आणि जुन्या रेक्झिनचा तोच वास आला आणि त्याचा जीव थाऱ्यावर आला. त्याने चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा पेटलं, आणि शिवणयंत्रासारखा तो बारीक, घाईचा आवाज सुरू झाला. श्रीधरला हसू फुटलं. आता कळेल एकेकाला, असं मनात म्हणत तो निघाला.

पहिल्या वळणाला त्याला वाटलं, टायर अजून थंड आहेत. दुसऱ्या वळणाला त्याने हातमोजे काढून शेजारच्या सीटवर टाकले. पुढे ट्रॅकचा तो खडबडीत पट्टा होता, ज्यावरून त्याने हजार वेळा गाड्या नेल्या होत्या. चाकांचा धडधडाट त्याला ऐकू आला. ऐकू आला, पण हातात काहीच आलं नाही. स्टीअरिंगवर कुणी जाड रजई गुंडाळावी तसं सगळं दूर, मऊ आणि मुकं होतं. त्याने पकड घट्ट केली, मग सैल केली, मग नुसती बोटांची टोकं टेकवली. काही नाही. शेवटच्या वळणावर ओली पानं होती. मागचं चाक सरकलं ते त्याला समोरचं कुंपण तिरकं दिसू लागल्यावर कळलं. एका बाजूला खेचत त्याने कशीबशी गाडी सावरली. एकेकाळी याच गाडीने ते त्याला कितीतरी आधी सांगितलं असतं.

दरदरून घाम फुटलेल्या अवस्थेत तो परत आला आणि होशिनो-सानना बाजूला घेऊन म्हणाला, "स्टीअरिंगला काय केलंत तुम्ही?"

म्हातारा गोंधळला. "काही नाही. गिअरबॉक्स तेवढा खोलला. स्टीअरिंगला मी हातसुद्धा लावलेला नाही, श्रीधर-सान."

"काहीतरी बिघडलंय. ती काहीच सांगत नाहीये."

तोवर कुराता-सान गाडीत बसून निघूनही गेले होते. त्यांनी दोन फेऱ्या मारायच्या होत्या, त्यांनी पाच मारल्या. प्रत्येक फेरीला तो बारीक आवाज जवळ येई, लांब जाई. श्रीधर मनोमन एकच धावा करत होता, की कुराता-साननी उतरून म्हणावं, गाडीत काही दम नाही. आपण हरलो तरी चालेल. शिक्का राहिला तरी चालेल.

कुराता-सान उतरले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते आणि ते हसत होते. चौदा वर्षांत श्रीधरने त्यांचे दात कधी पाहिले नव्हते. "पांढऱ्या पट्ट्यावर चाक चढलं," ते म्हणाले, "तर रंगाची जाडी कळते! हाताला कळते! आपण काय बनवत बसलो होतो इतकी वर्षं?"

मग एकेक जण गेला. कुणी परत येऊन आपल्याच तळहातांकडे बघत राहिला, तर कुणी परत एकदा जाऊ का असं विचारून गेला. नव्या गाडीकडे कुणी ढुंकून पाहीना. श्रीधर कुंपणाला टेकून उभा होता. खिशातली घराची किल्ली काढून त्याने दातांची बाजू तळहातात जोरात रुतवली. कातडीत खड्डे पडलेले त्याला दिसले. दुखलं मात्र नाही. त्याने दुसऱ्या हाताने करून पाहिलं. मग त्याला भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी, आणि वृंदाला फोन करावा असं वाटलं, पण सांगणार काय? उन्हाळाभर त्याने गाडीला ज्या शब्दाने बदनाम केलं तो शब्द त्याचाच होता. नवी गाडी खरोखर बधिर होती, की तो बधिर होता, की दोघंही, हे आता त्याला कधीच कळणार नव्हतं.

दुपारी ऑफिसात कुराता-सान सगळ्यांसमोर त्याच्यापुढे खोल वाकले. "श्रीधर-सान, चूक आमची. जूनपासूनचे तुमचे सगळे कागद पुन्हा धरायचे. नव्या गाडीचं स्टीअरिंग नव्याने बसवायचं, आणि ते तुमच्या हातांनी ठरेल. आधी या गाडीचे गुण लिहून द्या. तेच आपलं माप."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रीधरही वाकला. कोरा कागद घेऊन तो टेबलाशी बसला आणि लिहू लागला. रस्त्याची खबर, दहा. वळणातला भार, साडेनऊ. चाक सुटण्याची आगाऊ सूचना, दहा. शेऱ्याच्या रकान्यात त्याने खडी लिहिली, ओल लिहिली, तळहाताच्या कडेला जाणवणारी ती बारीक थरथर लिहिली. सगळं चौऱ्याऐंशी सालचं होतं. आजचं एक अक्षरही नव्हतं. कुराता-सान मागून वाचत होते आणि दर ओळीला मान हलवत होते.

ते गेल्यावर श्रीधर उठून कपाटाशी गेला. लाल शाईची डबी आणि शिक्का वरच्याच खणात होते. त्याने आपला कागद खाली ठेवला, शिक्का शाईत बुडवला आणि कोपऱ्यात दाबला. तो उमटला की नाही हे हाताला कळलं नाही. कागद उजेडात धरून बघावं लागलं. नीट उमटला होता: संदर्भासाठी.