आकारामतात्याचं गार जाकीट

बँडचा कोट काय चीज असते हे वरातीत नाचणाऱ्याला कधी कळायचं नाही. त्याला दिसतो लालभडक रंग, खांद्यावरच्या झिरमिळ्या आणि पितळी गुंड्या. एकदा काखेला नाक लावून बघ म्हणावं! लोकरीचा कोट, तोही ऐन मे महिन्यात, आणि धुवायचा नाही, कारण धुतला की त्यावरची जरीची वेलबुट्टी काळी पडते. यंदाचा घाम, गेल्या सालचा घाम, त्याच्या आदल्या साली ज्यानं घातला त्याचाही घाम, सगळा थरावर थर. धोंडिराम दर लग्नसराईला तो अंगावर चढवायचा आणि मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडायचा.

धोंडिराम नुसता सराईपुरता ढोल वाजवायचा. एरवी तो कुपवाडच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याचा चुलता आकाराम मात्र चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत आला होता. सांगलीपासून पार म्हसवडपर्यंत लोक त्याला ओळखायचे. मातंग वस्तीत त्याच्यासारखा सूर दुसऱ्या कुणाला लागत नव्हता. पण आणीबाणीच्या आदल्या त्या उन्हाळ्यात तात्यानं साठी ओलांडली होती, आणि चैत्रातल्या एका वरातीत तो भर रस्त्यात चक्कर येऊन पडला. बँडचा मालक ज्ञानू मास्तर, त्यांच्याच वस्तीतला माणूस. पाणी पाजायचं सोडून तो म्हणाला, "आकाराम, पुन्यांदा पडलास तर क्लॅरनेट हितं ठेवायची आन् घरी बसायचं. माझी शोभा करू नगंस."

क्लॅरिनेट बँडची होती. तात्याची होती ती नुसती फुंक.

धोंडिरामनं मग जाकीट केलं. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे दोन दुपदरी चौकोन कापले, एक छातीला, एक पाठीला, कडा चिकटवल्या. खांद्यावर भरायला तोंड ठेवलं आणि खाली पाणी सोडायला फवारणीच्या पंपाचा पितळी कॉक बसवला. आत रांजणातलं चार तांबे गार पाणी, वरून कोट. बाहेरून कुणाला पत्ता लागायचा नाही. तात्यानं वस्तीत भर दुपारी ते घालून तासभर क्लॅरिनेट वाजवली. "आरं धोंड्या, रांजणात बसल्यावानी वाटतंय की गड्या!" असं म्हणून तो लहान पोरासारखा हसला. अर्ध्या तासानं पाणी कोमट व्हायचं. ते सोडायचं आणि ताजं भरायचं, एवढंच काम.

भरायचं कुठनं, हे मात्र धोंडिरामच्या डोक्यात आलंच नाही. सात वर्षं कारखान्याच्या नळावर सगळ्यांच्या रांगेत उभा राहून पाणी प्यालेला माणूस तो. गावात पाणी तसं मिळत नाही, हे तो चक्क विसरला होता.

लग्न कृष्णाकाठच्या एका बड्या ऊसवाल्याकडं होतं. परण्याला, म्हणजे नवरदेव घोड्यावरून मारुतीला निघतो त्या मिरवणुकीला, दुपारचे तीन वाजले. ऊन नुसतं भाजून काढत होतं. मांडवाच्या दारात सांगलीहून आणलेल्या बर्फाच्या लाद्या भुश्शात ठेवल्या होत्या, पाव्हण्यांच्या सरबतासाठी. घोड्याचेही लाड चालले होते. डोक्यावर ओलं फडकं आणि संगती बर्फ घातलेलं पाणी बादलीत घेऊन चालणारा एक गडी. नवरदेवाचा चुलता भाऊसो सगळीकडं जातीनं लक्ष देत होता.

मारुतीच्या देवळापाशी मिरवणूक थांबली, नवरदेव आत गेला. तात्याच्या जाकिटातलं पाणी एव्हाना तापलं होतं. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मास्तर लांबून डोळे वटारून बघत होता. धोंडिरामनं ढोल खाली ठेवला आणि तांब्या घेऊन तो भाऊसोकडं धावला.

"आवं मालक, जरा गार पानी द्या की."

"प्यायला व्हय? धर वंजळ, वतायला सांगतो वरनं."

"प्यायला न्हवं. तात्याच्या जाकिटात भरायचंय. लय तरास व्हतोय त्येला."

"मंग आमचं भांडं त्येला लागंल की रं!" भाऊसोनं शेजारच्या गोठ्याकडं बोट केलं. "त्या डोनीतनं घे. तिथं कोन आडवत न्हाई तुला."

धोंडिराम त्या दगडी डोणीपाशी गेला. वर हिरवी बुळबुळीत साय, तिच्यात म्हशीच्या तोंडाची लाळ तारेसारखी लोंबलेली, खाली वळवळणाऱ्या अळ्या. त्यानं तांब्या बुडवला. पाणी चहासारखं गरम, आणि असा वास, की त्यानं तोंड फिरवलं. थू! ह्यात माणसानं पाय तरी धुवावेत का? त्यानं तांब्या तिथंच पालथा केला.

मागं वळून बघतो तर तात्या घोड्याच्या मानेला टेकला होता. आता पडणार, अगदी आता. धोंडिरामनं मागचा-पुढचा विचार केला नाही. गड्याच्या हातातली घोड्याची बादली हिसकली, जाकीट रिकामं केलं आणि खांद्यावरच्या तोंडातनं ते बर्फाचं पाणी आत ओतलं. तात्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यानं डोळे उघडले, सरळ उभा राहिला.

"बाटवली की रं बादली!" भाऊसो केवढ्यानं तरी ओरडला. सगळा गाव वळून बघायला लागला. भाऊसोनं उरलेलं पाणी लाथेनं उपडं केलं आणि गड्याला फर्मावलं, "जा, राखंनं घास ती. तीनदा घास. आन् दुसरं पानी आन. घोडं प्यानार हाय त्यातनं!"

घोड्याला बिचाऱ्याला काय कळतंय? ते खाली मान घालून धुळीतलं तेच पाणी चाटत होतं.

धोंडिरामला त्या गावाची, त्या कोटाची, स्वतःच्या ढोलाच्या टिपऱ्याचीसुद्धा किळस आली. तोवर ज्ञानू मास्तर दात-ओठ खात आला. "आकाराम, मालकाच्या पाया पड आन् वाजवायला लाग. नवरदेव भाईर यायला लागलाय."

जन्मभर तात्यानं धोंडिरामला एकच शिकवलं होतं, गिळायचं रं. आताही तो गिळणार असं धोंडिरामला वाटलं. तात्यानं सावकाश कोटाच्या गुंड्या काढल्या. मग खाली हात घालून कॉक उघडला. पाणी भाऊसोच्या वहाणांपुढं भळाभळा सांडलं.

"तुमच्या घोड्याचं हाय, मालक. माघारी घ्या."

कोट त्यानं ढोलावर टाकला. क्लॅरिनेटचं तोंड सदऱ्याच्या टोकानं नीट पुसलं, आणि ती मास्तरच्या हातात दिली.

"पडलो न्हाई मी, मास्तर. बघून ठेवा. उभ्यानं देतोय."

धोंडिरामनंही ढोल तिथंच सोडला, कोट भिरकावला. दोघं उघड्या उन्हात गावाबाहेर पडले. कुणी अडवलं नाही. मागं बँड सुरू झाला, क्लॅरिनेटवाचून, नुसताच ढणाढणा.

पाटाच्या कडेला चिंचेखाली ते बसले. तात्या पोटभर पाणी प्याला, तोंड धुतलं, झाडाला पाठ टेकून डोळे मिटले. जाकीट बाजूला रिकामं पडलं होतं. "बरं वाटतंय का आता, तात्या?" धोंडिरामनं विचारलं.

"व्हय, लय बरं," तात्या म्हणाला.

पण त्याची बोटं क्लॅरिनेटवर चालावीत तशी मांडीवर चालू होती, लांबून ऐकू येणाऱ्या त्या बँडच्या तालावर. धोंडिरामला ते बघवलं नाही. तो उठला आणि तोंडावर पाणी मारायला पाटात उतरला.