दही फासलेली पाटी आणि मी

मी एक जुनी दगडी पायरी आहे. मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसत नाही. तीन राजे माझ्यावरून चढून गेले, त्यातल्या एकाने माझ्यावर बसून ओले मोजे पिळले, त्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. नका ठेवू! पण सहलीला आलाच आहात, चीज आणि लोणच्याची सँडविचेस उघडून माझ्याभोवती बसलाच आहात, तर ऐका. आणि खरकटं माझ्या फटीत कोंबू नका. माझं डोकं आधीच तापलेलं आहे.

कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत, ऑक्स्लेड गावाबाहेर हा गडगा उभा आहे. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. त्याच्या पोटातून दोन्ही अंगांना बाहेर आलेले चार लांब दगड म्हणजे मी. माणसाने चढून पलीकडे उतरावं आणि मेंढीने जिथल्या तिथे राहावं, एवढ्यासाठी माझा जन्म. ज्या गवंड्याने मला घडवलं त्याने माझ्या अंगात लाकडाची ढलपी घातली नाही की लोखंडाचा खिळा. निव्वळ मधाच्या रंगाचा दगड. याचा मला गर्व आहे.

माझ्यावरून एक पायवाट जाते. गावातून निघते, मला ओलांडते, शेत कापून एकट्या उभ्या असलेल्या चर्चला जाते आणि पुढे बाजाराच्या जुन्या शहराला मिळते. त्या शहरात बसगाड्या भरभरून प्रवासी उतरतात. वाकड्या घरांचे फोटो काढतात आणि मग चहा प्यायला या वाटेने ऑक्स्लेडला येतात. मला पाहिलं की "अय्या, किती गोड!" म्हणतात आणि माझ्या अंगावर बुटांचा चिखल खरवडतात. कुत्र्याची घाण पिशवीत भरतात, गाठ मारतात आणि ती पिशवी माझ्या टोकाला टांगून जातात. गोड म्हणे! नाताळचं झाड वाटले का मी तुम्हाला?

एवढ्या वर्षांत माझं म्हणावं असं माणूस एकच, हेस्टर टकवेल. चर्चच्या मनोऱ्यात जुनं घड्याळ आहे. त्याला दर दोन दिवसांनी चावी द्यावी लागते. आधी हेस्टरचा बाप देत असे, मग हेस्टर. ती लोखंडी चावी फिरवून फिरवून तिचे दंड लोहाराला शोभतील असे झाले. गुडघे मात्र गेले. म्हणून हातात वाकड्या मुठीची काठी. माझ्यावर चढताना दर वेळी एक शिवी ठरलेली.

"सटवे, परवापेक्षा उंच झालीस!"

मला ती शिवी राजाच्या मोज्यांपेक्षा प्यारी.

आता त्या मेल्या हॅविलँडची गोष्ट. क्रिस्पिन हॅविलँड. बावीस वर्षांपूर्वी त्याने गावचा मोठा वाडा आणि हे शेत विकत घेतलं. वीस वर्षं गप्प होता. मग वाड्यात लोकांची लग्नं लावायचा धंदा काढला, आणि नवरीच्या फोटोत मागून चिखलाच्या बुटांची माणसं जाताना दिसू लागली. झालं! वाट बंद करायची, हे त्याच्या मनाने घेतलं.

आमच्याकडचा कायदा असा आहे, मित्रांनो. मालकाला न विचारता, उजळ माथ्याने लोक वीस वर्षं एखाद्या वाटेने चालले, की वाट लोकांची. पण मालकाच्या परवानगीने चालले, तर ती त्याची मेहेरबानी. आज आहे, उद्या नाही. आमची वाट सरकारी नकाशावर कुणी चढवलीच नव्हती. श्वास घेतो त्याची नोंद कोण करतं?

आणि हॅविलँडने काय करावं? कुलूप नाही लावलं, काटेरी तार नाही ओढली. त्याने माझ्या शेजारच्या झुडपात एक पाटी रोवली. 'मालकाच्या परवानगीने आपले मनःपूर्वक स्वागत आहे.' रोवली ती पहाटे, कुणी उठायच्या आत, आणि वर तिला दही फासलं! होय, दही. दह्यावर शेवाळ लवकर धरतं. दोन पावसाळी महिन्यांनी त्याने झुडूप छाटलं, तेव्हा पाटी अशी हिरवी झालेली की बघणाऱ्याला वाटावं, ही बावीस वर्षं इथेच आहे. मी पाहत होते. दगडाची साक्ष कुणी धरत नाही याचा मला आयुष्यात एवढा संताप कधी आला नव्हता.

पण खरा राग मला आला तो गावाचा. इंग्रजांच्या या देशातली माणसं! कुणी पायावर पाय दिला तर हीच म्हणणार, "माफ करा हं." ग्रामसभेचे अध्यक्ष डेस्मंड क्लटरबक पाटीपुढे उभे राहिले, टोपी काढली आणि म्हणाले, "बघा, किती सौजन्य! आपण कधी आभारसुद्धा मानले नाहीत." आणि संत्र्याच्या मार्मलेडची बरणी घेऊन वाड्यावर गेले! बरणीवर चिठ्ठी: 'वाट वापरू दिल्याबद्दल गावातर्फे आभार.' हॅविलँडने मार्मलेड खाल्लं आणि चिठ्ठी जपून ठेवली.

महिन्याभरात दुसरी पाटी आली. 'परवानगी रद्द.'

हेस्टरने ती वाचली तेव्हा डेस्मंड माझ्यापाशीच उभे होते.

"डेस्मंड, गाढवा! ज्या वाटेने माझा बाप जन्मभर चालला, तिच्याबद्दल आभार मानलेस?"

"हेस्टर, जरा हळू. मी आपली रीत म्हणून..."

"तुझी रीत घाल चुलीत! आता घड्याळाला चावी कोण देणार? तुझं मार्मलेड?"

डेस्मंड हळूच म्हणाले, "मोठ्या रस्त्याने जाता येईल ना."

"चार मैल! वळणावर ट्रक, चालायला कडेला वीतभर जागा नाही, आणि हे माझे गुडघे. नीट सांग ना, हेस्टर, मर म्हणून."

हेस्टरखेरीज त्या घड्याळाच्या खोडी जाणणारं कुणीच नव्हतं. वाट गेली असती तर तिसऱ्या दिवशी घड्याळ बंद पडलं असतं, आणि मला वाटतं, हेस्टरही.

गावाने तक्रार केली. चौकशीला सरकारी निरीक्षक बाई आल्या. गावाच्या सभागृहात सुनावणी सुरू झाली आणि आमच्या माणसांनी सभ्यपणाने सगळं घालवलं. "पाटी पहिल्यापासून होती का?" "असेलही बुवा, आमचं लक्ष नसेल." "परवानगी होती?" "त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, भला माणूस." अरे, भला कसला! मी इथे गडग्यात धुमसत होते. हॅविलँडने चिठ्ठी दाखवली आणि छाती फुगवून सांगितलं, "पहिल्या दिवसापासून मी प्रत्येकाला आनंदाने परवानगी दिली. मिसेस टकवेल यांनासुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक बाई वाट पाहायला आल्या. दहाबारा गावकरी, डेस्मंड, हेस्टर आणि पांढरीशुभ्र विजार घातलेला हॅविलँड. बाईंना वाट दाखवायला तो ऐटीत माझ्यावर चढला. आणि मित्रांनो, इथे मी माझा हिसका दाखवला! माझ्या खिळ्यात मी त्याची विजार पकडली. अशी पकडली की पुढे जाता येईना, मागे येता येईना. एक पाय शेतात, एक गावात. टर्रकन आवाज झाला. आतली चड्डी गुलाबी होती.

सगळे सभ्यपणे आकाशाकडे बघू लागले. हेस्टर तेवढी खदखदून हसली.

"काय हो साहेब, मी जाऊ का पुढे? परवानगी आहे ना?"

हॅविलँड लालबुंद होऊन किंचाळला, "परवानगी? बाई, मी तुम्हाला जन्मात कधी परवानगी दिलेली नाही!"

निरीक्षक बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "हे आता आपण सभागृहात ऐकू." दुपारी सभागृहात हेस्टरने तेच त्याला शपथेवर विचारलं. बारा माणसांनी ऐकलेलं वाक्य गिळायचं कसं? परवानगी नव्हती, म्हणजे हक्क होता. वाट आज नकाशावर आहे, आणि घड्याळ चालू आहे. आत्ता तीनचे टोले ऐकलेत ना?

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर मला गोड म्हणू नका. बूट गवतावर पुसा, पिशव्या घरी न्या. आणि चालत राहा. पावसात चाला, कंटाळा आला तरी चाला. न चाललेली वाट मरते. आणि जे तुमचंच आहे त्याबद्दल कुणाचे आभार मानू नका. मानाल तर माझ्याशी गाठ आहे, हॅविलँडची विजार आठवा! हा माझा खिळा...

"खिळा?"

ही माझ्या अंगावर बसून मघापासून डुलकी घेणारी म्हातारी. ब्याऐंशी वर्षांची हेस्टर टकवेल. मला वाटलं होतं, झोपली आहे. तिने डोळे उघडलेच नाहीत, नुसती वाकड्या मुठीची काठी माझ्या डोक्यावर आपटली.

"थापाडे! तुझ्या अंगात खिळा आहे कुठे? त्याची विजार ओढली ती मी!"