कांदळातली हाक

"तिथं पाय नको टाकू गो! चकाकतो तो चिखल खोल असतो. मुळांवरनं ये."

हौसाकाकी ओरडली तशी सुरय्याने उचललेला पाय मागे घेतला. ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी कांदळवनातून मागे सरलं होतं आणि धुक्यात झाडं उघड्या मुळांवर चालत आल्यासारखी दिसत होती.

हौसा तिची शेजारीण. दोन घरांमध्ये फक्त एक दगडी गडगा. नवरा नझीर जहाजावर गेला की सुरय्याचा दिवस हौसाच्याच पडवीत जायचा. कुर्ल्या धरायला मला ने, म्हणून ती कधीची मागे लागली होती. आज हौसा आपणहून म्हणाली, "चल."

एका बिळापुढे बसून हौसाने त्याच्या तोंडावरचा चिखल बोटांवर घेतला. "ताजा हाय. आत बसलीय." लोखंडी आकडा आत सरकवून तिने मनगट हलकेच फिरवलं आणि एक काळपट हिरवी कुर्ली नांग्या उगारत बाहेर आली. सुंभाने त्या बांधताना हौसाचा हात जराही अडखळला नाही.

टोपली निम्मी भरली. पाणी परतू लागलं तशा दोघी उंचवट्यावर टेकल्या. कुठे एक पाखरू ओरडत नव्हतं.

"रामा इथनंच गेला," हौसा म्हणाली. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी असाच कुर्ल्यांना आला होता. टोपली सापडली, तो नाही. "तवापास्नं मला त्याची हाक येते. डॉक्टर बोलला, डोक्यातली हाय. गोळ्या दिल्यान."

सुरय्याने टोपली जवळ ओढली.

"म्हणून तुला आणलंय, बाय. तुला पण आयकू आली, तर तो खराच हाय. मग मी बसायची नाय. जायची."

"कुठे?"

हौसाने हनुवटीने समोरच्या गर्द कांदळांकडे दाखवलं. तिथे पाणी आधीच कमरेएवढं चढलं होतं.

"हौसेऽऽ..."

हाक स्वच्छ होती. पुरुषाची, जराशी दमलेली, कामावरून आल्यावर पाणी मागावं तशी. सुरय्याच्या अंगावर काटा आला. तिथे ना होडी होती, ना माणूस उभा राहील अशी जागा.

हौसा तिच्या तोंडाकडे बघत होती. "आयकलंस?"

नझीरचा फोन आला नाही की सुरय्या मोबाइल उशाशी घेऊन जागी पडायची. एका हाकेसाठी माणूस काय देईल, ते तिला ठाऊक होतं. आपण काय हिरावून घेतोय, तेही.

"नाही काकी. काय?"

"खरा सांग."

"खरंच नाही. अल्लाची कसम."

हौसा बघतच राहिली. मग पदर खोचून उठली. सुरय्याने एका हाताने टोपली उचलली, दुसऱ्याने हौसाचं मनगट धरलं आणि बांधाकडे वळली.

पुन्हा हाक आली. या वेळी अगदी पाठीमागून.

"काकी," सुरय्या मोठ्याने म्हणाली, "कुर्लीच्या कालवणात तू तिरफळं घालतेस?"

हौसाची पावलं अडली. पाणी घोट्यांवर चढलं.

"तिरफळं बांगड्याला," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "कुर्लीला गरम मसाला. बारीक पाय वाटायचे, रस गाळून घ्यायचा..."

बांधावर चढेपर्यंत ती सांगत राहिली. सुरय्याने विचारलं होतं त्याहून कितीतरी जास्त, आणि गरजेहून कितीतरी मोठ्याने.