पाठीखालचा हात

फोन बायकोचा वाजला आणि उचलला मास्तरांनी. ती जाऊन दोन महिने होऊन गेले तरी तिचा फोन ते रोज न चुकता चार्जिंगला लावत. "बाबा, बंद करून टाकू या का आता?" असं लेक एकदा म्हणाली होती, त्यावर मास्तरांनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

"काकू आहेत का?" पलीकडून एका मुलीचा उत्साही आवाज आला. "त्यांना सांगाल का, टाकी दुरुस्त झाली! त्या म्हणाल्या होत्या, चालू झाली की पहिला नंबर माझा लावा. उद्या अकराला जमेल त्यांना?"

मास्तरांना वाटलं, गच्चीवरच्या टाकीचं काहीतरी असावं. "गळत होती का?"

"अहो काका, ती टाकी नाही! फ्लोटिंगची. तरंगायची. मिठाचं कोमट पाणी असतं, वर झाकण. अंधारात नुसतं पडून राहायचं. काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. काकूंनी केवढ्या चौकशा केल्या होत्या! त्यांना आठवण करून द्या हं, उद्या सकाळी चहा-कॉफी नको. खाणं हलकंच. अंगठी-बिंगठी काढून ठेवायची. आणि अंगाला कुठे कापलं-खरचटलं नको, मीठ फार झोंबतं. सांगाल ना?"

"सांगतो," मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवून तिथेच बसून राहिले.

'ती गेली' हे दोन शब्द या दोन महिन्यांत त्यांनी दूधवाल्याला सांगितले होते, बँकेत सांगितले होते, चुकून आलेल्या विमा एजंटालाही सांगितले होते. मग आत्ताच का सांगता आले नाहीत? त्या मुलीच्या लेखी बायको अजून हिंडती-फिरती होती, टाकी कधी दुरुस्त होते म्हणून वाट बघत होती. जगात तेवढी एकच जागा उरली होती आणि तिथूनही तिला उठवायचं मास्तरांच्या जिवावर आलं.

पण तरंगायचं? हिने?

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. सार्वजनिक तरणतलावावर ते जीवरक्षक होते आणि सकाळच्या वर्गांना पोहायला शिकवत, म्हणून मास्तर. गळ्यात शिट्टी, डोक्यावर उडालेल्या रंगाची टोपी. कुठेही चार माणसं जमली की त्यांची नजर आपसूक डोकी मोजू लागे. बायको म्हणायची, "अहो, हे लग्न आहे, तलाव नाही. कुणी बुडत नाही इथे." या महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या पाळीत एकही माणूस दगावला नव्हता. गर्व करावा अशी तेवढी एकच गोष्ट होती त्यांच्याकडे, आणि तो ते मनमुराद करत.

शिकवण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. भित्र्याला पाण्यावर उताणं झोपवायचं, पाठीखाली तळहात द्यायचा आणि म्हणत राहायचं, "धरलंय, धरलंय, मान सोड." एकदा का अंग सैल पडलं, की "धरलंय, धरलंय" चालूच ठेवायचं आणि हात मात्र गुपचूप काढून घ्यायचा. पोर तरंगत राहायचं. मग दोन्ही हात वर करून त्याला दाखवायचे. पोर आधी घाबरायचं, मग हसत सुटायचं. अर्धं शहर मास्तरांनी असं फसवून तरंगायला शिकवलं होतं.

लग्न नवं असताना, तलावाच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांनी बायकोलाही नेलं होतं. कमरेइतक्या पाण्यात. तिला पाण्याची विलक्षण भीती. पण नवऱ्याच्या हातावर ती पडली, डोळे मिटले. "धरलंय, धरलंय," मास्तर म्हणाले आणि सवयीने हात काढला.

बाकी कुणालाच काढलेला हात कळत नसे. तिला कळला. त्याच क्षणी ती दगडासारखी खाली गेली. नाकातोंडात पाणी गेलं, खोकत उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "धरलंय म्हणालात की."

त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही. मास्तरांनी हा किस्सा पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यांना रंगवून सांगितला, 'अख्ख्या शहराला तारलं आणि घरचीच बुडाली' म्हणून. पाहुणे हसायचे. तीही हसायची, आणि चहाचे कप गोळा करून आत जायची.

दुसऱ्या दिवशी मास्तर नेहमीच्या वेळी उठले. चहा ठेवायला पातेलं काढलं आणि परत ठेवून दिलं. आपण तिथे जाणार आहोत हे त्यांनी ठरवलं असं नाही. चहा केला नाही तेव्हा ते त्यांना कळलं. मोरीत उभं राहून ते बोटाला साबण लावून अंगठी ओढू लागले. बोटं जाड झालेली, अंगठी सांध्यापाशी अडून बसली.

लेक डबा घेऊन आली तेव्हा त्यांचं बोट लालबुंद झालं होतं. "हे काय चाललंय, बाबा?"

मास्तरांनी फोनचं सांगितलं. वाटलं होतं, पोरगी चकित होईल. ती मटकन स्टुलावर बसली.

"मीच शोधून दिली होती ती जागा," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती तिने."

"अगं, पण कशाला? पाण्याचं नाव काढलं की पांढरी पडायची ती!"

"तुमचा तलावावरचा शेवटचा दिवस आहे ना, त्या दिवशी तिला यायचं होतं. सगळ्यांसमोर पाण्यात उतरणार होती आणि उताणी पडून दाखवणार होती तुम्हाला. म्हणाली, माणसाने अख्खं आयुष्य लोकांना तरंगवलं आणि घरची बाई काठावर बसून राहिली, बरं नाही दिसत ते."

मास्तर अंगठी ओढत राहिले.

"मग मला म्हणायचं होतं. मी शिकवलं असतं."

लेकीने डबा खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "मी पण तेच म्हटलं, बाबा. तर म्हणाली, तिथे बरंय. तिथे कुणी धरतच नाही, म्हणजे हात काढून घ्यायलाही कुणी नाही."

साबणाचा फेस कोपरापर्यंत ओघळला. लेकीने उठून त्यांचा हात आपल्या हातात घेतला, बोटाला तेल लावलं आणि अंगठी गोल गोल फिरवत अलगद काढली. आत पांढरा वळ उमटला होता. "मी येऊ बरोबर?" तिने विचारलं. "नको," मास्तर म्हणाले.

निघण्यापूर्वी त्यांनी एक चूक केलीच. कुठल्याही पाण्यावर जायचं तर दाढी करून जायचं, ही त्यांची सवय. हनुवटीला कापलं. रक्त पुसताना त्यांना त्या मुलीची ताकीद आठवली आणि त्यांनी स्वतःलाच एक शिवी हासडली.

लेकीने पत्ता दिलेलं ते केंद्र एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. फोनवरची मुलगी काउंटरमागे उभी होती. तिने मास्तरांच्या मागे जिन्याकडे पाहिलं. "काकू?"

"काकू गेल्या," मास्तर म्हणाले. "दोन महिने झाले. काल फोनवर मी सांगितलं नाही. चुकलंच माझं."

मुलीचा चेहरा उतरला. "अहो काका..." म्हणत ती काउंटरमागून बाहेर आली.

"वेळ तिची आहे. मी आत गेलो तर चालेल?"

तिने मान हलवली आणि खोली दाखवायला पुढे झाली. आधी अंघोळ, मग टाकी. कानात घालायला मेणाचे बोळे. आतल्या भिंतीला दिव्याचं बटण आणि मदतीचं बटण. मास्तरांनी वाकून पाणी पाहिलं. गुडघाभरही नव्हतं.

"इथे बघायला कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"बघायला?"

"म्हणजे माणूस आत असताना लक्ष कोण ठेवतं?"

"कुणीच नाही, काका. इतकं मीठ आहे की बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही." मग ती जरा घुटमळली. "काकूंनी बरोबर उलटं विचारलं होतं. म्हणाल्या, कुणी बघणार नाही ना? पहिल्यांदा जमलं नाही तर मला लाज वाटेल."

मास्तरांनी टाकीच्या कडेवर हात टेकला. मुलीचं लक्ष त्यांच्या हनुवटीकडे गेलं. "कापलंय तुम्हाला. झोंबेल हो."

"झोंबू दे," मास्तर म्हणाले.

ती गेली. मास्तरांनी अंघोळ केली. मेणाचे बोळे हातात घेतले, पण ते घालायला मन होईना. एवढ्या नोकरीत पाण्याजवळ त्यांनी कधी कान बंद केले नव्हते. आरोळी आधी कानाला कळते, मग डोळ्याला. शेवटी घातले. आत उतरून झाकण ओढलं, दिवा मालवला आणि उताणे झाले.

पाण्याने त्यांना उचलून धरलं. हनुवटी आगीसारखी पेटली. पण मान सुटेना. पहिल्या दिवशीच्या पोरासारखं त्यांनी डोकं ताठ वर धरून ठेवलं होतं. पाय वर आले, कंबर वर आली, मान मात्र हट्टाला पेटलेली. कुणी बघत नव्हतं तरी त्यांना लाज वाटली. हिलाही असंच झालं असतं. हीही अशीच या अंधारात मान ताठ करून पडली असती, एकटी, आणि घरी येऊन एका शब्दाने बोलली नसती. मास्तरांना रडू कोसळलं. बंद कानांत आपलं रडणं त्यांना फार मोठं ऐकू येत होतं.

रडता रडताच कधीतरी मान सुटली.

मग बराच वेळ ते पडून राहिले. हळूहळू पाणी कुठे संपतं आणि अंग कुठे सुरू होतं तेही कळेनासं झालं. त्यांनी उजवा हात बाजूला नेला. टाकीत दोघांपुरती जागा नव्हती, पण हात लांब होईल एवढी होती. तळवा वर करून त्यांनी तो पाण्याखाली धरला, कुणाच्या तरी पाठीखाली धरावा तसा.

"धरलंय," ते म्हणाले.

वेळ संपल्याची धून वाजू लागली, बाहेरून मुलीने दारावर टकटक केली, तरी मास्तरांनी हात काढला नव्हता.