शुक्रवारची काळी काच

१९५४ साल. पनवेलच्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी, इनॉक, माणसांच्या गाठींचे काप काचांवर घेऊन तपासणीसाठी रंगवायचो. मिठागरावरच्या बळीरामच्या मांडीत गाठ होती. गावच्या डॉक्टरांनी तिचा तुकडा काढला आणि त्याची बायको जनी तो बाटलीतून एसटीने घेऊन आली. चिठ्ठीत लिहिलं होतं: आत चुना साठलेला असेल तर गाठ निरुपद्रवी, नसेल तर पाय कापायचा.

तुकड्याचा पातळ काप काचेवर घेऊन मी त्याला सिल्व्हर नायट्रेट लावलं आणि उन्हात ठेवलं. चुना असला की तिथे चांदी बसते, उन्हाने काळी पडते. काप काळाभोर झाला. दुसरा रंग लावून खात्री करायची पद्धत आहे, पण शुक्रवार होता आणि दिवे लागायच्या आत मला शब्बाथसाठी, आम्हा यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवसासाठी, घर गाठायचं होतं.

"जनीबाई, पाय वाचला," मी सांगून टाकलं.

रविवारी उरलेल्या कापावर अलिझरीन लावलं. चुन्यावर ते लाल चढतं. इथे लाल ठिपकाही नाही. रंगच बिघडला म्हणावं, तर कोंबडीच्या हाडावर लालबुंद आला. एक काच हो म्हणते, दुसरी नाही. डोक्याचा पार भुगा झाला. चिडून मी दोन्ही काचा पुन्हा पुन्हा बघत बसलो, जसं काही बघून त्या मत बदलणार होत्या.

तेवढ्यात जनी तपासणीचा कागद न्यायला आली. "बाटलीत काही घातलं होतं का?" मी विचारलं.

"गाडीत बूच उडालं, औषध सांडलं. मंग मिठाचं पाणी भरलं. आमी जाल्यातलं मावरं तसंच ठेवतो, नासत नाय."

मिठाशीही चांदी जमते आणि उन्हात तशीच काळी पडते. हे मला ठाऊक होतं, याचीच लाज वाटली. नवा काप शुद्ध पाण्याने सात वेळा धुतला, सिल्व्हर लावलं, उन्हात ठेवला. जनी शेजारी उभी होती. तासाभराने काप होता तसाच पांढरा.

"मिठानं घोटाला झाला का?"

"नाही, माझ्या घाईने," मी म्हणालो. "गाठीत चुना नाही."

ती पांढऱ्या कापाकडे बघत म्हणाली, "ह्यांनी सगल्या गावाला सांगितलंय, पाय वाचला म्हनून. आता तुमीच चला. मला नाय सांगता येनार."

मी गेलो. आम्हाला येताना पाहून बळीराम हसत उठला आणि चहा ठेवायला स्वतःच्या पायांनी आत गेला.